मालधक्क्याचा सहावा दरवाजा

१

व्हिक्टर तुस्कानो रोज साडेचारला चहा प्यायचा, पाचला फिरायला निघायचा आणि काहीही झालं तरी सातच्या आत घरी यायचा. सातला चर्चची घंटा व्हायची आणि घंटेबरोबर त्याची बायको कॅथरीन रोझरीला, म्हणजे माळेच्या प्रार्थनेला बसायची. नवऱ्याला उशीर झाला तर ती बोलायची काही नाही, नुसता प्रार्थनेचा आवाज चढवायची. गल्लीच्या तोंडाशीच व्हिक्टरला कळायचं, आज आपली खैर नाही.

त्या मंगळवारी मात्र तो फिरायला गेलाच नाही. जेवणाच्या टेबलावर त्याने मोठा कागद पसरला, पेन्सिलीला टोक केलं आणि चष्मा नाकावर चढवून मालधक्का काढायला बसला. निवृत्त रेल्वेवाल्यांच्या मंडळाची स्मरणिका निघणार होती. मंडळाचा सेक्रेटरी जितेंद्र फोनवर म्हणाला होता, "तुस्कानोसाहेब, धक्क्याचा इतिहास तुम्हीच लिहा. तुमच्याशिवाय आता उरलंय कोण?" यात कौतुक किती आणि मोजदाद किती, हे व्हिक्टरने मनावर घेतलं नाही. बहात्तराव्या वर्षी कोणी आपल्याला काही विचारतंय, याचाच त्याला आनंद होता.

स्टेशनाच्या पश्चिमेचा तो मालधक्का म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याचं रेल्वेचं गोदाम. व्हिक्टरने तिथे एकवीस वर्षं मालबाबू म्हणून काढली. पंच्याण्णवच्या मार्चअखेरीला धक्का बंद झाला, तेरा वर्षं कुलूपबंद उभा राहिला आणि मग पाडला गेला. आता तिथे दुचाक्यांचं पार्किंग आहे. पण व्हिक्टरच्या डोक्यात एक दगडही हललेला नव्हता. लांबलचक काळ्या भिंती, वर पत्रे, रुळांच्या बाजूला कमरेएवढा उंच ओटा, ओट्यावर ओळीने सरकते लोखंडी दरवाजे आणि दर दरवाजामागे एक खण. पहिल्यात मीठ, दुसऱ्यात खत, तिसऱ्यात मुंबईच्या तबेल्यांना जाणारं गवत, चौथ्यात केळी, पाचव्यात नारळ आणि विड्याची पानं. डोळे बांधून नेलं असतं तरी आपण कुठल्या दाराशी उभे आहोत ते नाकाने सांगितलं असतं. पेन्सिल चालत होती आणि त्याला तो ओल्या गोणपाटाचा वास येत होता. फार बरं वाटत होतं त्याला.

कॅथरीन हात पुसत आली आणि मागून वाकून बघू लागली.

"छान काढलास. सहावा कुठाय?"

"सहावा काय?"

"दरवाजा. पानाचा."

"पान पाचव्यात. नारळाबरोबर."

"नारळाबरोबर?" कॅथरीन हसली. "माझ्या बाबांनी त्यांची पानं नारळाखाली ठेवू दिली असती? एक नारळ घरंगळला की अख्खी करंडी गेली. व्हिक्टर, तुझं वय झालं."

कॅथरीन आगाशीची, पानवेलींच्या वाडीतली. करंड्यांबरोबर ती बैलगाडीत बसून धक्क्यावर यायची, आणि तिथेच पुढचं सगळं जमलं होतं. त्याबद्दल दोघांत कधी दुमत नव्हतं. ती खुर्ची ओढून बसली.

"सहाव्या दरवाजाला उतार होता. सोडला की आपोआप सरकून बंद व्हायचा. तू तो धरून उभा राहायचास आणि मी करंड्या मोजायची. हात दुखेपर्यंत धरायचास. मी मुद्दाम दोनदा मोजायची, हे तुला अजून कळलं नसेल तर आज सांगते."

दरवाजा धरून उभं राहिल्याचं व्हिक्टरला आठवत होतं. पिवळं पातळ, ओल्या करंड्या, लोखंडाचा गारवा, सगळं आठवत होतं. तो दरवाजा पाचवा होता, एवढंच.

"पाच होते, कॅथरीन. मी रोज पाच कुलपं लावायचो."

"पाच कुलपं लावायचास," ती उठत म्हणाली. "दरवाजे सहा होते."

२

धक्का रोज साडेपाचला बंद व्हायचा आणि बंद करायची एक रीत होती. ती कुठल्या नियमपुस्तकात नव्हती, पण व्हिक्टरच्या आधीच्या बाबूने त्याला पहिल्याच दिवशी शिकवली होती.

हमाल खणात शिरताना चपला दाराबाहेर काढत. आत लक्ष्मी असते म्हणून, आणि चपलेचा खिळा करंडी फाडतो म्हणूनही. चपला बाहेर दिसल्या की माणूस आत, इतका साधा हिशेब. पण थप्पीमागे कोणी डुलकी काढत असेल, चपला कोणी पायाने लोटल्या असतील, म्हणून नुसतं बघून भागायचं नाही. बाबूने दर दरवाजाशी उभं राहून आत तीनदा हाक मारायची, "आत कोण आहे?" उत्तर आलं नाही तर दरवाजा ओढून कुलूप घालायचं. उत्तर आलं तर दरवाजाला हात लावून थांबायचं. माणूस बाहेर येईपर्यंत हात काढायचा नाही, मग कितीही वेळ लागो.

आणि उत्तर रोज यायचं, कारण काळूराम होता.

काळूराम खाडीकाठच्या मिठागरांतून आलेला हमाल. टाचांच्या भेगांत मीठ इतकं बसलेलं की तो चालला की फरशीवर पांढरे ठसे उठायचे. बायको लवकर गेली, मूल नव्हतं, एक भाऊ तिकडे वाडा तालुक्यात. कामाला वाघ आणि झोपेला त्याहून मोठा वाघ. शेवटच्या खणापाशी व्हिक्टरची तिसरी हाक झाली की आतून झोपाळलेला आवाज यायचा, "कोनी नाय, मास्तर."

बाहेर सगळे हमाल हसायचे. मग पत्र्याखालच्या काळोखातून काळूराम डोकं खाजवत यायचा, टायरच्या तळाच्या चपला पायांत सारायचा आणि व्हिक्टरच्या खांद्यावर हात टेकून ओट्याखाली उडी मारायचा. एकवीस वर्षं रोज तोच विनोद आणि रोज तेच हसू. व्हिक्टर मालबाबू, तो हमाल, त्यामुळे ते एकमेकांच्या घरी कधी जेवले नाहीत. पण आयुष्यात आपल्याला सगळ्यात जास्त वाट कोणी पाहायला लावली असेल तर ती काळूरामने, असं व्हिक्टरला वाटायचं, आणि ते प्रेमानेच वाटायचं.

शेवटच्या दिवशी वरचे साहेब आले होते. हार झाले, पेढे झाले, ओट्यासमोर फोटो झाला. साहेबांना परतायची घाई होती म्हणून साडेचारलाच कुलपं घालायचं ठरलं. सुटाबुटातली चार माणसं मागे उभी असताना रिकाम्या गोदामात तीन-तीनदा ओरडायची व्हिक्टरला लाज वाटली. हाक न मारताच त्याने दरवाजे ओढले आणि कुलपं घातली. एकवीस वर्षांत पहिल्यांदाच.

काळूराम फोटोत नव्हता. दुसऱ्या दिवशी तो कोणाला दिसला नाही, पण दुसऱ्या दिवशी धक्काच नव्हता तर दिसणार कुठे. भावाकडे गेला असेल, लोक म्हणाले. व्हिक्टरही तेच म्हणू लागला. कोणी आत राहिला असता तर त्याने दरवाजा बडवला असता, स्टेशनभर ऐकू गेलं असतं, अशी स्वतःची समजूत त्याने तेरा वर्षं घातली. धक्का पाडायला घेतला तेव्हा तो सुट्टी टाकून तीन दिवस समोरच्या चहाच्या टपरीवर बसला. पाचही खण डोळ्यांदेखत उघडले गेले. धूळ, उंदीर, कुजलेली गोणपाटं. बाकी काही नव्हतं. त्या संध्याकाळी त्याने चर्चमध्ये मोठी मेणबत्ती लावली आणि कॅथरीनला कारण सांगितलं नाही.

पाच खण रिकामे निघाले, यावर त्याची पुढची सोळा वर्षांची झोप उभी होती.

३

बुधवारी सकाळी तो आगाशीची बस पकडून जयवंत राऊतांकडे गेला. जयवंतभाऊ पानाचे जुने व्यापारी, वय चौऱ्याऐंशी. गुडघे गेले होते, पण जीभ आणि स्मरण शाबूत होतं. बाजारातल्या दुकानात आता नातू मोबाइलची कव्हरं विकतो. भाऊ मागच्या ओटीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला नावं ठेवतात.

"या मास्तर. बरी आठवण झाली."

व्हिक्टरने स्मरणिकेचं सांगितलं आणि कागद पुढे केला. भाऊंनी तो लांब धरून पाहिला.

"हा कोणाचा धक्का?"

"आपलाच."

"मग माझा खण कुठं घातलात? सहावा?"

व्हिक्टरचा हात आपसूक खिशातल्या रोझरीकडे गेला. त्याने सावकाश विचारलं, "नक्की सहा होते, भाऊ?"

"एकतीस वर्षं माल टाकला मी तिथं. त्या खणाला खिडकी नव्हती. पान उजेडात पिवळं पडतं, म्हणून मुद्दाम तसा बांधलेला. एप्रिल-मेमध्ये सगळ्या धक्क्यावर तेवढीच एक गार जागा. दुपार झाली की तुमचे हमाल तिथं लोळायचे आणि माझी पानं चुरगळायची. तो तुमचा लाडका, काळ्या, तो तर बिऱ्हाडच करून होता." भाऊंनी कागद परत दिला. "त्याचा भाऊ आला होता माझ्याकडे."

"कधी?"

"धक्का बंद झाला त्या दिवाळीला. वाड्याहून. विचारत होता, काळूराम कुठाय म्हणून. मी म्हटलं, अरे तो तुझ्याकडेच आलाय ना? तो म्हणाला, नाही. मी त्याला सांगितलं, तुस्कानो मास्तरांना विचार, त्यांना ठाऊक असेल." भाऊंनी वर पाहिलं. "आला नाही का तो तुमच्याकडे?"

आला नव्हता. किंवा आला होता आणि व्हिक्टर विसरला होता. कालपर्यंत त्याला स्वतःच्या स्मरणाची खात्री होती. आता त्या खात्रीतून एक अख्खा खण निघून गेला होता, मग दारात उभा असलेला एक माणूस जायला कितीसा वेळ? परतीच्या बसमध्ये राजोडीहून आलेल्या कोळणी टोपल्या सांभाळत गप्पा मारत होत्या. व्हिक्टर खिडकीबाहेर बघत मनात पुन्हा पुन्हा दरवाजे मोजत होता. पाचच भरत होते.

४

शेवटच्या दिवसाचा फोटो हॉलमध्ये येशूच्या तसबिरीखाली होता. एकोणतीस वर्षं तो रोज डोळ्यांसमोरून जात होता. जेवण झाल्यावर व्हिक्टरने तो उतरवून टेबलावर आडवा ठेवला आणि भिंग घेतलं.

मधे साहेब, गळ्यात हार. बाजूला तो स्वतः, काळ्याभोर केसांचा, ओळखूही न येणारा. हमालांची ओळ. मागे दरवाजे. एक, दोन, तीन, चार, पाच. पाच. त्याने सुस्कारा सोडला. फोटो खोटं बोलत नाही. कॅथरीनचा आणि भाऊंचा काहीतरी गोंधळ होतोय, दोघंही आगाशीचे, दुसऱ्याच कुठल्या धक्क्याचं आठवत असतील.

मग भिंग उजव्या कडेला गेलं. ओळीतल्या शेवटच्या हमालाच्या पलीकडे, ओट्यावर, काहीतरी होतं. इतकी वर्षं ती सावली वाटत होती. टायरच्या तळाच्या चपला होत्या त्या. शिस्तीत जोडून काढलेल्या, टोकं भिंतीकडे.

फोटोला कडेने पुठ्ठ्याची चौकट होती. ती व्हिक्टरनेच बसवून घेतली होती, किंवा फ्रेमवाल्याने आपणहून बसवली होती, आता आठवत नव्हतं. त्याने मागचे खिळे उचकटले, काच काढली, पुठ्ठा हळूच सोलला. खालून फोटोची बोटभर पट्टी बाहेर आली. त्या पट्टीत एका लोखंडी दरवाजाची कड होती. दरवाजा अर्धा उघडा होता आणि उघड्या भागात नुसता काळोख होता.

कॅथरीन मासळी साफ करता करता दारात येऊन उभी राहिली होती. तिने फोटोकडे पाहिलं, ओलं बोट न टेकवता चपला दाखवल्या.

"ह्या काळूरामच्या ना?"

व्हिक्टरने मान हलवली.

"तो शेवटी गेला कुठं रे? तू भावाकडे म्हणाला होतास."

"मी म्हणालो होतो," व्हिक्टर म्हणाला.

५

गुरुवारी दुपारी चारला तो पार्किंगवर गेला. पत्र्याच्या टपरीत पिंकी नावाची मुलगी पावत्या फाडत बसली होती.

"काका, गाडी कुठाय?"

"चालत आलोय."

"मग पावती कशाची फाडू? चपलांची?"

ती सहज बोलली होती. व्हिक्टरच्या मानेवर मात्र काटा आला. त्याने सांगितलं की तो इथे नोकरीला होता, जरा बघायचं आहे. पिंकी म्हणाली, "बघा ना आरामात, आपल्याला काय टेन्शन नाय."

गोदाम गेलं होतं, पण ओट्याची दगडी कड तशीच होती. पार्किंगवाल्यांनी तिला कुंपण म्हणून ठेवलं होतं. हमालांच्या अनवाणी पायांनी दर दरवाजासमोरचा दगड घासून बशीसारखा खोलगट झाला होता. व्हिक्टर ओट्यावर चढला. पायाला जागा बरोबर सापडली आणि त्याचे डोळे भरून आले. इथे मीठ. इथे खत. आठ पावलं आणि पुढचा खोलगट दगड, गवत. पुन्हा आठ, केळी. पुन्हा आठ, नारळ. आता कड संपायला हवी होती.

कड पुढे जात होती. आणखी आठ पावलांवर सहावा दगड होता आणि तो सगळ्यांपेक्षा जास्त झिजलेला होता.

त्या दगडासमोरचा कोपरा रिकामा होता. बाकी सगळीकडे स्कुटरी खेटून लावलेल्या, आरसे एकमेकांत अडकलेले, आणि इथे एका खणाएवढी जागा मोकळी. बाजूच्या इमारतीची सावलीही नेमकी तिथेच पडत होती.

"तिकडे कोणी का लावत नाही?"

"काय माहीत. पब्लिक उन्हात लावते पण तिकडे नाय. स्टँडला लावली तरी गाडी सरकते बोलतात. उतार आहे." पिंकी जवळ आली, पण मोकळ्या जागेच्या अलीकडेच थांबली. "मग कॉन्ट्रॅक्टरने लेव्हल लावून बघितली. बोलला, जमीन एकदम सपाट आहे. आता सपाट आहे तर गाडी सरकते कशी? पण थंड वाटतं हां तिकडे. मे महिन्यात पण. आणि कसला तरी वास येतो."

"कसला?"

"पानाच्या टपरीवर येतो ना, ओल्या फडक्याचा, तसला."

व्हिक्टरला तो वास आल्यापासून येत होता. तो आठवणीतला आहे, असं तो स्वतःला सांगत होता.

६

त्या संध्याकाळी सातच्या घंटेला दोघं रोझरीला बसले. माळेच्या दुसऱ्या दहा मण्यांच्या मध्यावर व्हिक्टर थांबला. कॅथरीनने आवाज चढवला नाही. तिने मणी बोटात धरून ठेवला आणि वाट पाहिली.

त्याने सगळं सांगितलं. साहेब, लाज, न मारलेली हाक. तीन दिवस टपरीवर बसल्याचं. मेणबत्तीचं. काळूरामचा भाऊ विचारत आला होता त्याचं. बोलताना त्याला स्वतःच्याच म्हणण्यातल्या फटी दिसत होत्या. सहावा खण होता, तर तो पाडताना दिसला कसा नाही? आणि नव्हता, तर ही बाई कुठल्या दरवाजात त्याच्या प्रेमात पडली?

"सहाव्याला तू कधी कुलूप लावायचासच नाही," कॅथरीन हळू आवाजात म्हणाली. "आत पानाला रात्री पाणी मारायला माणूस जायचा ना. हाक मारून झाली, काळूराम बाहेर आला, की तू नुसता हात काढायचास. तो आपोआप मिटायचा."

म्हणजे त्या दिवशीही कोणी तो ओढला नव्हता. फोटो झाला, सगळे पाच कुलपांच्या नादात राहिले आणि सहावा आपला आपण सरकत मिटला असेल. जड दरवाजा, चांगला वेळ घेणारा, पण एकदा मिटला की आतून न उघडणारा. कोणी नुसता हात लावला असता तरी थांबला असता. व्हिक्टरला लहान मुलासारखं रडू आलं. बायकोसमोर तो याआधी फक्त आई गेली तेव्हा रडला होता.

कॅथरीनने त्याचं डोकं थोपटलं. मग रोझरी पुन्हा हातात घेत म्हणाली, "हाक राहिली ना तुझी? मग मारून ये."

"तिथे काही नाहीय, कॅथरीन. स्कुटरी आहेत."

"असू देत. राहिलेलं काम आहे ते."

७

शुक्रवारी साडेपाचला तो सहाव्या दगडावर उभा होता. नोव्हेंबरचं ऊन उतरलं होतं, कामावरून परतणारी माणसं गाड्या काढत होती, कोणी हॉर्न वाजवत होतं, पिंकी एका दाढीवाल्याशी सुट्ट्या पैशांवरून हुज्जत घालत होती. इतक्या लोकांत रिकाम्या जागेकडे तोंड करून ओरडायचं. व्हिक्टरला लाज वाटली. मग त्याला कळलं की ही तीच लाज आहे, आणि त्याने तोंड उघडलं.

"आत कोण आहे?"

दोघातिघांनी वळून पाहिलं. एका बाईने मुलीला जवळ ओढलं.

"आत कोण आहे?"

जुन्या सवयीने त्याचा उजवा हात खांद्याच्या उंचीवर गेला होता, जिथे दरवाजाची कड असायची. वाऱ्याची गार झुळूक तळव्याला लागली. वास दाटला. गाड्यांचे आवाज चालू होते, पण ते आता पत्र्यापलीकडून यावेत तसे येत होते.

"आत कोण आहे?" तिसऱ्यांदा म्हणताना त्याचा आवाज फाटला.

बराच वेळ काही झालं नाही. व्हिक्टरला हायसं वाटलं आणि त्याच क्षणी फार एकटंही वाटलं. तो हात खाली घेणार, तेवढ्यात समोरून, सावलीतून, झोपेने जड झालेला आवाज आला.

"कोनी नाय, मास्तर."

या वेळी कोणी हसलं नाही. हसणारे सगळे केव्हाच गेले होते.

व्हिक्टरच्या तळहाताला लोखंड लागलं. गार, खवल्याखवल्यांचं, गंजलेलं. ते त्याच्या हातावर रेलू लागलं, हळूहळू, मिटायला निघालेल्या दरवाजासारखं. त्याने कोपर ताठ केलं. समोर तर काँक्रीट होतं आणि पलीकडे इमारतीची भिंत, हे त्याला स्पष्ट दिसत होतं. आपल्याला झटका आला असेल, साखर उतरली असेल, घरी जायला हवं. डोकं हे सगळं नीट सांगत होतं. हात मात्र रीत पाळत होता. उत्तर आलं की माणूस बाहेर येईपर्यंत हात काढायचा नाही.

सव्वासहा झाले. साडेसहा. खांद्यातून कळ जाऊ लागली. चर्चची सातची घंटा झाली तेव्हा दरवाजा वीतभर पुढे आला होता.

"काका," पिंकी लांबूनच म्हणाली, "साखळी लावायची आहे. चला ना."

"थांब जरा. माणूस आत आहे."

तिने साखळी तशीच जमिनीवर सोडली.

रस्त्यावरून कॅथरीन आली. आज रोझरी सोडून आली होती. ओट्याशी तिने चपला काढल्या, दगडाला हात टेकून कशीबशी वर चढली आणि नवऱ्याकडे, मग त्याच्या हातासमोरच्या हवेकडे पाहिलं. पुढे होऊन तिने त्याच्या हाताखाली आपले दोन्ही तळवे टेकवले आणि एकदम पाऊलभर मागे रेटली गेली. मग पाय रोवून उभी राहिली.

"अजून तितकाच जड आहे," ती म्हणाली.

मग दोघांना पावलं ऐकू आली. अनवाणी, निवांत, फरशीवर मीठ चुरडत येणारी. व्हिक्टरने डोळे मिटले. धक्का ओट्यापासून मागच्या भिंतीपर्यंत बावीस पावलं खोल होता. ते त्याने कागदावरही लिहिलं होतं आणि त्यात चूक असणं शक्यच नव्हतं. तो मोजू लागला. अठरा. एकोणीस. वीस. एकवीस. त्याने खांदा थोडा खाली केला, टेकायला येणाऱ्या हातासाठी. बावीस.

तेवीस. चोवीस. पावलं संथपणे येतच होती. कॅथरीनने त्याच्याकडे पाहिलं. चाळीस झाली, साठ झाली, आणि आवाज अजून होता तेवढाच लांब होता.

"धर," व्हिक्टर म्हणाला. "बराच आत आहे तो."